मांस मऊ करण्याच्या हातोडीची कुळकथा

इतिहास म्हटला की राजे, गड आणि लढाया डोळ्यांपुढे येतात. कोणत्या राजाची तलवार कोठे आहे, कोणती तोफ कोणी ओतली, हे आपण शाळेत शिकलो. पण ज्या वस्तू आपल्या हातात रोज असतात, त्या विळीची, पाट्या-वरवंट्याची, उखळ-मुसळाची कुळकथा आपल्याला कोणी सांगितली नाही. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "तुम्हीही चार ओळी लिहाच" असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, तेव्हा अशाच एका लहानशा वस्तूबद्दल लिहावे असे मी ठरवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विद्वत्तेची अपेक्षा भगिनींनी ठेवू नये. वाचनालयातील पुस्तके, चार जणींकडे केलेली विचारपूस आणि शेगडीपुढे गेलेली वीस-बावीस वर्षे, एवढेच माझे भांडवल.

वस्तू आहे मांस मऊ करण्याची हातोडी. हल्ली भांड्यांच्या दुकानांत ती तीन तऱ्हांची दिसते. एक साधी लाकडी, दुसरी धातूची, जिच्या एका तोंडाला बारीक दाते असतात, आणि तिसरी म्हणजे शिक्क्यासारखी दाबायची, जिच्या पोटात पोलादी पात्यांच्या रांगा असतात. आपल्या पाककृतीच्या वर्गात "यांतली कोणती घ्यावी?" असा प्रश्न दोघी-तिघींनी विचारला होता. त्याचे उत्तर द्यायचे तर आधी ही मंडळी कोठून आली आणि कोणाच्या ताटासाठी आली, हे पाहायला हवे. शाकाहारी भगिनींनी पान उलटले तरी माझी तक्रार नाही. पण नुसता इतिहास म्हणून वाचले तर त्यांचाही वेळ वाया जाणार नाही असे वाटते.

प्रथम मांस चिवट का लागते ते पाहू. मांस म्हणजे बारीक धाग्यांच्या जुड्या. लांब दोऱ्यांची लड बांधून ठेवावी तसे हे धागे एका पांढरट पडद्याने बांधलेले असतात. जनावर जितके वयस्क आणि शरीराचा जो भाग जितका कष्टाचा, तितका हा पडदा जाड. म्हणून कोवळ्या बोकडाचे मांस लवकर शिजते आणि म्हाताऱ्या जनावराचे शिजता शिजत नाही. पाठीचा भाग मऊ आणि पाय, मान, खांदा चिवट. मग माणसाने याच्यावर चार उपाय शोधले: ठेचणे, कापणे, एखादा रस चोळणे आणि मंद आचेवर पुष्कळ वेळ शिजवणे. जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांत या चारांचीच उलटसुलट जुळणी दिसते. आपली हातोडी पहिल्या उपायातली आणि पात्यांचे यंत्र दुसऱ्यातले.

ठेचण्याची कला आपल्या देशात पाहायची तर काश्मीरला जावे. तेथे लग्नकार्यात वाझवान नावाची मोठी मेजवानी असते आणि ती रांधणाऱ्या आचाऱ्यांना वाझा म्हणतात. त्यांतले रिस्ता आणि गुश्ताबा हे पदार्थ म्हणजे मांसाचे गोळे. पण ते खिम्याचे नव्हेत. सपाट दगडावर ताजे मांस ठेवून अक्रोडाच्या लाकडाच्या हातोड्यांनी ते ठेचत बसतात. ठेचता ठेचता शिरा आणि पडदे वर येतात ते हातांनी काढून टाकतात, चरबी मिसळतात आणि पुन्हा ठेचतात. शेवटी मांसाचा लोण्यासारखा गोळा होतो. रिस्ता लाल रश्श्यात आणि गुश्ताबा दह्याच्या पांढऱ्या रश्श्यात. गुश्ताबा आला की मेजवानी संपत आली असे समजावे. हातोडीच्या कुळातली ही थोरली जाऊबाई म्हणायला हरकत नाही.

दुसरी घोटण्याची रीत. अबुल फजलाने अकबराच्या काळी, सोळाव्या शतकाच्या शेवटी, 'ऐन-इ-अकबरी' हा ग्रंथ लिहिला. त्यात बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थांचे वजनमाप दिले आहे. हरीसा या पदार्थासाठी दहा शेर मांस, पाच शेर भरडलेले गहू आणि दोन शेर तूप असे प्रमाण सांगितले आहे. त्याच जातीचा हलीम हैदराबादेत रमजानच्या महिन्यात होतो. मोठ्या देगीत मांस आणि गहू तासन्‌तास शिजवून लाकडी दांड्याने घोटतात, इतके की धागा कोठला आणि गहू कोठला ते ओळखू येऊ नये. २०१० साली हैदराबादी हलीमला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपला मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, तेव्हा ही चव तिकडच्या भगिनींना परकी नाही.

आता कापण्याकडे वळू. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर या राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. जुन्या मराठीतील काही ओळी त्यात सापडतात, म्हणून आपल्या भाषेच्या अभ्यासकांनाही तो प्रिय आहे. त्यात राजाच्या भोजनाचे प्रकरण आहे. काळीज सुपारीएवढे कापून निखाऱ्यावर भाजावे आणि मग मसाल्यांत परतावे अशी कृती तेथे दिली आहे. तुकडा लहान की धागा आखूड, आणि धागा आखूड की दातांना कष्ट कमी. हे गणित राजाच्या आचाऱ्याला तेव्हाही ठाऊक होते. लखनौच्या गलावटी कबाबाची आख्यायिका तर पुष्कळांनी ऐकली असेल: नबाबाचे दात पडले, पण मांसाची हौस गेली नाही, म्हणून आचाऱ्यांनी तोंडात विरघळणारा कबाब काढला. त्याच्या मांसात कच्च्या पपईचा गर घालतात.

या पपईची गोष्ट मोठी गमतीची आहे. आपल्या परसात ती इतकी रुळली आहे की ती परदेशची असे कोणाला वाटणार नाही. पण तिचे माहेर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून ती पूर्वेकडे आली. लिन्सखोटेन नावाचा एक डच मनुष्य १५८३ पासून काही वर्षे गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. त्याचा प्रवासग्रंथ १५९६ साली छापला गेला. हे फळ स्पॅनिश मुलखातून फिलिपाइन्स, तेथून मलाक्का आणि तेथून हिंदुस्थानात आले असे त्याने नोंदवून ठेवले आहे. म्हणजे कच्ची पपई चोळून मटण मऊ करण्याची आपली 'आजीच्या काळची' युक्ती त्याआधीची असू शकत नाही! पपईच्या चिकात मांसाचे धागे तोडणारे एक द्रव्य असते. १८७३ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय मासिकात जी. सी. रॉय यांनी या चिकाच्या गुणावर लेख लिहिला आणि १८७९ साली फ्रान्समध्ये वुर्त्झ आणि बुशु या शास्त्रज्ञांनी त्या द्रव्याला 'पपेन' हे नाव दिले. पुढे १९४७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात रिगलर आणि ड्यूश या दोघा तरुणांनी अ‍ॅडॉल्फ रेम्प नावाच्या उपाहारगृहवाल्याची कृती घेऊन पपेनची पूड बाटलीत भरून विकायला काढली. स्वस्त, चिवट मांसाचा तुकडाही त्या पुडीने खाण्याजोगा होई, म्हणून तिकडच्या गृहिणींनी ती उचलून धरली.

हा चीक पपई पिकली की ओसरतो, म्हणून कच्चीच पपई घ्यावी लागते. त्याचे खरे काम भांडे तापू लागल्यावर, साठ ते सत्तर अंशांच्या आसपास चालते. उकळी आली की ते थांबते. रस आत फारसा मुरत नाही, वरवरच राहतो. म्हणून जास्त घातला तर तुकडा बाहेरून पिठासारखा आणि आतून होता तसाच. अर्धा किलो मटणाला सालासकट वाटलेला एक चमचा गर पुरतो, असा माझा अनुभव आहे. गोव्याकडे याच कामी नारळाच्या ताडीचे आंबट सिरके वापरतात. विंदालू हे नावच मुळी पोर्तुगीज भाषेतल्या दारू आणि लसूण या शब्दांवरून आलेले आहे.

चौथा उपाय आचेचा, आणि मराठी स्वयंपाकघराने खरी भिस्त ठेवली ती याच्यावर. आपले मटण हाडासकट, रश्श्याचे. त्याला हातोडी मारून उपयोग नाही. हाडाचे कण मात्र ताटात येतील. ते मंद आचेवर, झाकणावर पाणी ठेवून दोन-दोन तास शिजत असे. एवढा वेळ ओली ऊब मिळाली की धागे बांधणारा तो पांढरा पडदा विरघळतो आणि रश्श्याला दाटपणा येतो. म्हातारी माणसे पातेल्यात सुपारीचा तुकडा नाही तर फुटक्या कपाची चीप टाकत. तिने मटण शिजते अशी समजूत. काम मात्र करत असे ती आच. मग १९५९ साली हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही प्रेशर कुकर आपल्याकडे निघाले आणि दोन तासांचे काम अर्ध्या तासावर आले. कुकरचा मूळपुरुष डेनिस पापिन नावाचा फ्रेंच गृहस्थ. त्याने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबाचे भांडे मांडले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. एकीकडे पापिन आणि एकीकडे पपेन! नावे सारखी असली तरी त्यांचे नाते काही नाही. मटण मऊ करण्यापुरते मात्र दोघेही आपले सोयरे.

मग हातोडी आपल्याकडे हवी कशाला? ती आली ती बिनहाडाच्या, पातळ तुकड्यांबरोबर. युरोपात व्हिएन्ना शहरी वासराच्या मांसाचा काप हातोडीने ठोकून पातळ करतात, पाव कुटून केलेल्या चुऱ्यात घोळवतात आणि तळतात. त्याला श्नित्सेल म्हणतात. काप पातळ आणि सगळीकडे सारखा झाला की तो मिनिटांत शिजतो आणि कोरडा पडत नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मांसाचे पातळ काप ठोकून, मसाला लावून, रव्यात घोळवून तळलेले कटलेट होतात, रीत तीच. ज्यांच्याकडे हातोडी नव्हती त्या सुरीच्या पाठीने किंवा वरवंट्याने भागवत. दात्यांची धातूची हातोडी हा याच कामाचा पुढचा टप्पा.

पात्यांचे यंत्र त्याहून अलीकडचे. अमेरिकेत बफेलो शहरी आंद्रे जॅकार्ड नावाचा मूळचा स्विस खाटीक होता. १९६० नंतरच्या दशकात त्याने या धंद्यात पाय रोवले. त्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या हातयंत्रांपैकी एकात तीन रांगांत अठ्ठेचाळीस पाती असतात. यंत्र मांसावर ठेवून दाबले की पाती आत शिरतात, धागे आणि पडदे जागच्या जागी कापतात आणि बाहेर येतात. तुकड्याचा आकार बदलत नाही. हातोडीने मात्र तो पसरतो. मसाला मुरायला वाटा होतात हा आणखी एक फायदा.

पण येथेच सावध व्हायला हवे. मांसाला रोगजंतू लागतात ते बहुधा वरच्या अंगाला, आणि वरचे अंग तव्यावर भाजले की ते मरतात. पाती आत गेली की वरचे जंतूही आत जातात. कॅनडात २०१२ साली दूषित गोमांसाने अठरा माणसे आजारी पडली. त्यांतल्या पाच जणांचा आजार दुकानात पाती टोचलेल्या मांसामुळे झाला असावा, असे तेथील आरोग्यखात्याने म्हटले. २०१४ पासून तेथे अशा गोमांसाच्या पुडक्यावर तसे छापणे आणि आतून त्रेसष्ट अंशांपर्यंत शिजवण्याची सूचना देणे सक्तीचे झाले. अमेरिकेतही २०१६ पासून असाच नियम आला. आपले खळाखळा उकळलेले मटण असेल तर भय नाही. पण मुले हल्ली बाहेरचे पाहून अर्धेकच्चे, आतून लाल असे मांस घरी भाजू पाहतात. त्यांना पाती टोचलेला तुकडा कधीही अर्धाकच्चा देऊ नये. कोंबडी तर कशीही केली तरी पूर्णच शिजली पाहिजे.

एवढे सांगून झाल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर देते. घरात नेहमी रस्साच होत असेल तर यांतली एकही वस्तू घेऊ नये, कुकर पुरे. कटलेट, काप, कोंबडीच्या छातीचे तुकडे होत असतील तर एकच हातोडी घ्यावी: एक तोंड सपाट आणि एक दात्यांचे. वजन पाव किलोहून कमी नको, कारण मग सगळा जोर मनगटाला लावावा लागतो. अर्ध्या किलोहून जास्तही नको. मूठ हातात बसते की नाही ते दुकानातच पाहावे. दाते फार टोकदार असतील तर काप फाटतो. लाकडी हातोडी आवडत असेल तर तडा नसलेली, घट्ट लाकडाची घ्यावी. तड्यांत घाण साचते.

वापरताना प्रथम मांस धाग्यांच्या आडवे, बोटभर जाडीचे कापावे. उभे कापले तर कितीही ठोकले तरी चावताना धागा लांबच लागतो. पाटाखाली ओले फडके घालावे, म्हणजे पाट सरकत नाही. तुकडा केळीच्या पानात किंवा स्वच्छ जाड प्लॅस्टिकमध्ये ठेवून मधून कडेकडे ठोकत जावे. चिवट तुकड्याला आधी दात्यांचे तोंड, मग सपाट; कोंबडीला सपाटच. हातोडी उचलून आपटू नये, तिच्या वजनानेच पडू द्यावी. काम झाले की लगेच गरम पाणी आणि साबणाने दात्यांतली फट न्‌ फट धुवावी आणि लाकडी असेल तर उन्हात वाळवावी. पात्यांचे यंत्र घ्यायचेच असेल तर सुटे करून धुता येते ते घ्यावे आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.

आता या सगळ्या इतिहासात मला जे दिसले ते सांगते. मानसोल्लास राजाचा, ऐन-इ-अकबरी बादशहाची, गलावटी कबाब नबाबाचा. मऊ घास हा ज्याच्या पदरी आचारी त्याचाच होता. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांत वाट्याला आलेले मांस उन्हात वाळवून त्याच्या चान्या करत आणि गरजेच्या दिवसांत त्या शिजवून नाही तर निखाऱ्यावर भाजून खात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात त्या खाद्यजीवनाबद्दल लिहिले आहे. ते प्रत्येकीने वाचावे. तेथे आचारी नव्हता आणि दोन तास जाळायला सरपणही मोजकेच. आणि घरोघरची बाई? सगळ्यांची जेवणे झाल्यावर तिच्या वाट्याला रस्सा आणि हाडालगतचा चिवट तुकडा.

आमच्या सासूबाईंनी उभा जन्म असेच जेवून काढले. घरातल्या प्रत्येकाला कोणता तुकडा आवडतो हे त्यांना पाठ. त्यांना कोणता आवडतो हे आम्हांला कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे त्यांचे दात गेले. कवळी बसेना. मटणाच्या दिवशी त्या "मला नुसता रस्साच आवडतो" म्हणत आणि भाकरी कुस्करून खात. हातापायांतली शक्ती गेली तेव्हा डॉक्टरांनी अंडी, मासे, मटण पोटात जायला हवे असे बजावले. मग मी मांडीच्या बिनहाडाच्या मांसाचे पातळ काप आणू लागले. ते ठोकून, थोडी कच्ची पपई लावून, कमी तिखटात वाफवून त्यांच्या ताटात सगळ्यांच्या आधी वाढायचे असा परिपाठ ठेवला. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "हे कोणासाठी केलंस गं?" "तुमच्यासाठी," म्हटल्यावर त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिले. त्यानंतर दोन वर्षे त्या होत्या आणि मटणाच्या दिवशी नुसता रस्सा त्यांनी पुन्हा मागितला नाही.

नबाबाच्या मुदपाकखान्यात जे दहा आचारी करत, ते आज एक बाई दहा मिनिटांत आपल्या स्वयंपाकघरात करू शकते. हातोडी घ्या अथवा घेऊ नका. पण दात नसलेल्या सासूच्या, वडिलांच्या, आजारातून उठलेल्या माणसाच्या ताटात पहिला मऊ घास पडेल एवढे पाहा. आणि भगिनींनो, शेवटी जेवायला बसताना स्वतःच्या ताटातही एक चांगला तुकडा वाढून घ्या. त्यासाठी इतिहासाची परवानगी लागत नाही.